कोपऱ्यापर्यंतची वायर

शहादा, ९ जानेवारी

रिद्धी बेटा,

जय जिनेंद्र. अक्षर माझं आहे म्हणून पत्र फेकू नकोस, आधी वायरचं वाच.

हॉलमधल्या स्टिरिओपासून मागच्या खोलीपर्यंत मला वायर ओढायची आहे. मध्ये माजघर येतं, स्वयंपाकघर येतं, दोन दारं येतात. मोजायची टेप तुझ्या भावाकडे, आणि पारसला विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. म्हणून भांडी घासून झाल्यावर कमलीबाईने साडीने मोजलं. हॉलच्या कपाटापासून माझ्या गादीपर्यंत चार साड्या आणि वर एक पदर भरला. मग माझ्या लक्षात आलं की वायर काही जमिनीवर लोळत येणार नाही, दारांवरून चढणार आणि उतरणार. म्हणजे पाच. आणि स्पीकरचे डबे दोन, म्हणजे दहा. कमलीबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "इतल्या साड्या ते मन्हा लगनमा बी नही व्हत्यात!"

सुकलालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तीन नमुने मागवले. एक अगदी बारीक, घराच्या बेलला लावतात तशी. ती स्वस्त आहे, पण इतक्या लांब आवाज येईपर्यंत अर्धा वाटेतच राहील. दुसरी काचेसारख्या आवरणाची, बोटाएवढी जाड, आत चकचकीत तांबं. सुकलाल फोनवर म्हणाला, काकी, हीच घ्या, जाड पण आहे आणि परवडते पण. मी अडकित्त्याने तार खरवडून बघितली. आत पांढरी! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तुझ्या पप्पाजींसमोर असली वायर कोणी आणली असती तर त्याला चहासुद्धा मिळाला नसता. तिसरी खोक्यातली, सोनेरी टोकांची. तिच्यात म्हणे ऑक्सिजन नाही, म्हणून ती महाग. नसलेल्या वस्तूचेही पैसे घेतात, हे मला नवीनच कळलं. तिच्या भावात अंगठी येईल.

आता तू म्हणशील, बाईला सगळं कळतं तर मला कशाला विचारते. विचारते, कारण तुझा नंबर लागत नाही. तुझ्या बारडोलीच्या दुकानाचा पत्ता कमलीबाईच्या भावाने आणून दिला. तो दरवर्षी ऊसतोडीला तिकडेच जातो, त्याने पाटीवर अजितचं नाव वाचलं. वायरचं निमित्त नसतं तर मी काय लिहिलं असतं? लिहायला बसले की हात थांबतो.

स्टिरिओ मागे कशाला हवा, तेही सांगते. तू अजितशी लग्न करून गेलीस त्या दिवसापासून यांनी आवाज कमी केला. बंद नाही केला. रोज संध्याकाळी लावायचे, पण इतका हळू की आवाज हॉलच्या बाहेर यायचा नाही. आधी मी पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकायचे. कोणती तबकडी, कुठे खरखर आहे, सगळं पाठ होतं मला. त्यानंतर काहीच ऐकलं नाही. 'वाढवा जरा' असं मी म्हणाले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आता हे गेले. मला ते सगळं एकदा मोठ्याने ऐकायचं आहे.

पण हॉलमध्ये मी येऊ शकत नाही. आपल्यात नवरा गेला की बाई मागच्या खोलीत कोपऱ्यात गादी टाकून बसते, दार ओलांडत नाही, पुरुषांसमोर येत नाही. तुझी दादी वर्षभर बसली होती. आता कोणी बसत नाही, बाराव्यालाच उठवतात. मलाही उठवायला आले होते. मी म्हटलं, माझी रिद्धी येईल, ती हात धरेल, तेव्हाच उठेन. यांची बहीण म्हणून लोणखेड्याच्या भुवाजी पुढे आल्या, म्हणाल्या, "भाभी, उठवायला माहेरचं माणूस लागतं, लेक चालत नाही." मी म्हटलं, म्हसावदला माझा भाऊ राहिला नाही, घराला कुलूप आहे, आता तीच माझं माहेर. पारसने मोबाइलवर वाजणारा एक गोल डबा आणून दिला, मन रमेल म्हणून. डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो त्याचा. परत दिला.

पारस म्हणाला, हे गेले तेव्हा तुला कळवलं होतं आणि तू 'येत नाही' म्हणालीस. रिद्धी, बापाला शेवटचं बघायलाही येऊ नये इतका राग? मलाही तुझा राग आला आहे, तो काही लपवत नाही. तरी ये. तू येईपर्यंत मी इथून हलणार नाही, हा कोपरा मला पुरतो.

वायर कोणती घेऊ ते तरी कळव.

तुझी बाई

---

शहादा, ३ फेब्रुवारी

रिद्धी बेटा,

पार्सल मिळालं.

साधी घरात वापरतात तसलीच करडी वायर, दोन पदरांची, जाड. दोन वेटोळी, दोन्ही अगदी सारख्या लांबीची. एक डबा जवळ आणि एक लांब असला तरी वायर दोघांना सारखीच द्यायची, हे यांचं म्हणणं तू विसरली नाहीस. खरवडून बघितली. आतपर्यंत लाल तांबं, ना कंपनीचा तोरा ना सोनेरी टोक. मला हीच हवी होती. सुकलालला दाखवायला पाठवली तर म्हणाला, काकी, ही तर माझ्याकडेही होती. मग दाखवली का नाहीस रे मेल्या?

खोकं मी पूर्ण उकललं. पुठ्ठ्याचे पदरसुद्धा सोडवले. चिठ्ठी नव्हती. पत्त्यावर तुझं अक्षर होतं, तेवढं कापून ठेवून घेतलं. 'बदामबाई' मधला 'ब' अजून तसाच पोट फुगलेला काढतेस.

आता गोंधळ ऐक. प्रत्येक टोकाला एका पदरावर तू लाल दोरा बांधला होतास, कोणता पदर कुठे जोडायचा ते कळावं म्हणून. पार्सल आलं तेव्हा मी अंघोळीला गेले होते आणि भुवाजी आलेल्या होत्या. त्यांनी खोकं उघडलं आणि लाल दोरे बघितले. कोपऱ्यातल्या बाईच्या गादीजवळ लाल दोरा! त्यांनी कात्री मागवली आणि सगळे दोरे कापून टाकले. मी बाहेर आले तर म्हणतात, "भाभी, रिद्धीला कळलं नसेल, लहान आहे. मी काढून टाकले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." माझ्या मनाला लागू नये म्हणून केलं त्यांनी. भावासाठी रडून रडून आलेली त्यांच्या डोळ्यांची सूज अजून उतरलेली नाही, त्यांना मी काय बोलू? कमलीबाई मात्र बोललीच. "लाल दोरामुये बाईले काय व्हस? दोराच शे ना तो!" भुवाजी तिच्याशी त्यानंतर बोलत नाहीत.

मला तेव्हा नुसतं वाईट वाटलं, त्या दोऱ्याचं काम माझ्या डोक्यात आलंच नाही. सुकलालचा वायरमन पवन आला, तेवढा वेळ मी पडद्याआड बसले. त्याने दारांवरून वायर नीट खिळवली, डबे माझ्या गादीच्या दोन बाजूंना ठेवले आणि टोकं जोडली. कोणता पदर कोणता हे त्याला कळायला काही उरलं नव्हतं, त्याने आपले हाताला आले तसे जोडले. मग कमलीबाईने हॉलमध्ये जाऊन बासरीची तबकडी लावली.

काय सांगू तुला! मी पदर तोंडात धरून वाट बघत बसले होते आणि आलं ते हे. बासरी कुठून येते तेच कळेना. कधी भिंतीतून, कधी डोक्यामागून. तबल्याची नुसती टिकटिक. डग्गा तर गायबच. आवाज मोठा केला तर टिकटिक मोठी झाली. पारस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, वायर खराब पाठवली तिने. मनात नसलं की असंच होतं." मी म्हटलं, "वायर चांगली आहे. तुला ऐकायचं नसेल तर दुकानात जा." गेला.

पण रिद्धी, तो गेल्यावर मी खूप रडले. इतक्या वर्षांनी यांची बासरी ऐकायला बसले आणि तीही धड नाही. मला वाटलं, हे अजून रागावलेलेच आहेत. कोपऱ्यात बसलं की असले विचार येतात बघ.

तुला कळेल काय झालं असेल ते. तू ये आणि बघ. भुवाजींना मी सांगून ठेवलं आहे, माझी लेक येणार आहे. उगाच खोटं पाडू नकोस.

तुझी बाई

---

शहादा, १७ फेब्रुवारी

रिद्धी,

काल दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. कमलीबाईने उघडलं तर अजित.

यांचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला यायचे तेव्हा मी 'अरे अजित, हात धू आणि पोहे खा' म्हणायचे. हे म्हणायचे, या पोराला कान आहे. तुझं लग्न झाल्यापासून या घरात ते नाव कोणी घेतलं नाही. आता जावई म्हणून पहिल्यांदा दारात, आणि मी कोपऱ्यात, अंगावर हे असले कपडे. मी नुसतं 'या' म्हटलं. ते चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, "बाई, आत आलेलं चालेल का? नाहीतर तुम्ही सांगा, कमलीबाई करतील, मी इथून बघतो." मी म्हटलं, "या हो आत. कोपरा माझा आहे, भुवाजींचा नाही."

म्हणाले, "रिद्धीने तुमचं पत्र वाचलं आणि लगेच म्हणाली, एका डब्याची जोडणी उलटी झाली आहे. दोन्ही डबे एकमेकांचा आवाज खातात. जा, बदलून ये." म्हणजे माझी पत्रं तू वाचतेस. मला एवढंही माहीत नव्हतं.

त्यांनी एका डब्याचे दोन पदर इकडचे तिकडे केले, बस. कमलीबाईने तबकडी लावली. रिद्धी, डग्गा आला! बासरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या तबकडीत एके ठिकाणी खरखर आहे, तीही तश्शी आली. किती दिवस मी याची वाट बघत होते. पण मला वाटलं होतं, आवाज नीट आला की हे हॉलमध्ये बसलेत असं वाटेल. नाही वाटलं. उलट हॉल रिकामा आहे हे जास्तच कळलं. हे तबकडी संपायच्या आधी घसा खाकरायचे. तबकडी संपली आणि कोणी खाकरलं नाही. मी म्हटलं, बंद करा.

मग मी त्यांना विचारलं. राहवलंच नाही. "बाप गेल्याचं कळवलं तरी ती 'येत नाही' म्हणाली. इतकं मन घट्ट कसं केलं हो तिने?"

अजितरावांनी पक्कड खाली ठेवली. "बाई, तिला कोणी कळवलंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. तुझ्या चुलतबहिणीने मोबाइलवर यांचा हार घातलेला फोटो टाकला होता, तो तू बघितलास. तसंच कळलं तुला. तू अंघोळ केलीस, पांढरी साडी नेसलीस, पिशवी भरलीस आणि फोन हातात घेऊन दारात बसलीस. ते म्हणत होते, चल, गाडी काढतो. तू म्हणालीस, "त्या घरातून कोणाचाही एक फोन येऊ दे. न बोलावता गेले आणि पप्पाजींच्या समोरून मला परत पाठवलं तर?" दिवस मावळेपर्यंत बसलीस. मग उठून साडी बदललीस आणि स्वयंपाकाला लागलीस. तेव्हापासून त्या विषयावर बोललेली नाहीस.

अजितराव हे सांगत होते तेव्हा पारस येऊन दारात उभा राहिला होता. आम्हाला दिसला नाही. मी वर बघितलं तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला. म्हणाला, "जुन्या नंबरवर लावला होता, बाई. लागला नाही. लोक जमले होते, घाई होती. मला वाटलं, पप्पाजींनाही आवडलं नसतं." मी विचारलं, "मग मला का सांगितलंस की ती नाही म्हणाली?" तर म्हणाला, "तू सारखी विचारत होतीस." एवढं बोलून तो माझ्या गादीपाशी खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. अजितरावांनी त्याला पाणी दिलं. त्याने घेतलं. यांच्या घरात हेही बघायचं होतं मला.

रिद्धी, मी इथे ऐटीत बसले होते, लेक येईल आणि मला उठवेल. सगळ्यांना सांगत होते, हट्टी पोर आहे, बापावर गेली आहे. आणि तू तिकडे एका फोनसाठी दिवसभर दारात बसली होतीस. तुझा बाप गेला आणि तुला जवळ घ्यायला तुझं एक माणूस नव्हतं. माझं काळीज तुटतं गं.

मी तुला 'ये, ये' लिहीत राहिले. तू कशी येणार? तुला अजून कोणी सांगितलेलंच नाही.

आता येऊ नकोस.

तुझी बाई

---

बारडोली, तुझ्या दारात, २५ फेब्रुवारी

रिद्धी,

कागद अजितरावांच्या दुकानातून घेतला आहे, बिलाचा आहे, मागे छापलेलं दिसेल. ते म्हणाले, घरीच आहे ती, तुम्ही जा, मी मागाहून येतो.

मी कोपऱ्यातून उठले. भुवाजींना आधीच सांगितलं, मी उठते आहे. त्या म्हणाल्या, "माहेरचं कोण आलं?" तेवढ्यात कमलीबाई हात पुसत आली. "मी म्हसावदनीच शे ना. एकच गावनं पानी पेल्या आम्ही." आणि सरळ माझा हात धरला. भुवाजींनी स्वतःच माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाल्या, पहिलं पाऊल तरी धर्मस्थानकात महाराजसाहेबांपुढे टाका, मांगलिकाचा पाठ ऐका आणि मग कुठेही जा. मी म्हटलं, महाराजसाहेबांकडे परत आल्यावर जाईन, पहिलं पाऊल बसमध्ये. त्यांनी डब्यात खाकरे भरून दिले, तुझ्यासाठी.

पारस सोडायला येतो म्हणत होता. मी म्हटलं, तू तुझा वेगळा ये, तुझं तू बोल. माझ्या पदराआड उभं राहून नको. येईल तो. त्याला थोडा वेळ दे, किंवा नको देऊस, तुझी मर्जी.

विसरवाडीला गाडी बदलली. पाय सुजले आहेत. इतके दिवस बसून असल्यामुळे चालायची सवय गेली. कमलीबाई समोरच्या ओट्यावर बसली आहे, तिने मुद्दाम पाठ केली आहे आपल्याकडे.

मी कडी वाजवली तेव्हा आत भांड्याचा आवाज थांबला. मग पडदा हलला. मी बघितलं, रिद्धी. पुन्हा कडी वाजवणार नाही. तुला मला बघून काय झालं असेल ते मला कळतं. या कपड्यांत आणि या कपाळाने तू मला कधी बघितलेलं नाहीस. सावकाश घे. मी तुझ्या पायरीवर बसले आहे. शेजारीण पाणी घेऊन आली होती, मी म्हटलं, लेक देईल.

हा कागद दाराखालून आत सरकवते आहे. मला उठवायला तू ये म्हणून मी इतके दिवस भांडले, ते सगळं सोडून दे. मी काही मागायला आले नाही. तुला घेऊन जायलाही आले नाही. जे काम त्याच दिवशी आपल्या घरातल्या कोणीतरी करायला हवं होतं, ते करायला आले आहे.

बेटा, तुझे पप्पाजी गेले.

सकाळी अंघोळ करून चहाला बसले होते. मला म्हणाले, साखर कमी आहे. मी साखर घेऊन वळले तोवर गेले. त्रास झाला नाही त्यांना.

हे तुझ्या जवळ बसून, तुझ्या पाठीवर हात ठेवून सांगायचं आहे मला. दार उघड.

बाई